मुलांना विमानात बसवण्याआधी

अमेरिकेतल्या ‘यंग ईगल्स’ उपक्रमात मुलांना विमानातून फिरवून आणणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवक वैमानिकाची पार्श्वभूमी दर ३ वर्षांनी तपासली जाते. आपल्याकडे नोकरीच्या वेळी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी होते, त्यातलाच हा प्रकार. मात्र इथे नोकरी नाही आणि पगारही नाही. विमान वैमानिकाचे, वेळ त्याचा आणि इंधनाचा खर्चही बहुधा त्याचाच.

हा उपक्रम ‘एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ या हौशी वैमानिकांच्या संघटनेचा. पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ मध्ये स्थापन केलेल्या या संघटनेचे मुख्यालय विस्कॉन्सिन राज्यात ऑशकॉशला आहे. ‘यंग ईगल्स’ १९९२ मध्ये सुरू झाला. ८ ते १७ वर्षांच्या मुलामुलींना लहान विमानातून एक फेरी मोफत घडवायची, एवढीच त्याची कल्पना. राइट बंधूंच्या उड्डाणाची शताब्दी भरेपर्यंत, म्हणजे १७ डिसेंबर २००३ पर्यंत, १० लाख मुलांना आकाश दाखवायचे ठरले होते. ते झालेही. २०१६ मध्ये २० लाखांचा टप्पा ओलांडला गेला, तेव्हा विमान चालवत होते अभिनेते हॅरिसन फोर्ड. त्याच वर्षी पार्श्वभूमी तपासणी आणि बालसुरक्षेचे ऑनलाइन प्रशिक्षण सक्तीचे झाले.

तोवर तपासणी नव्हतीच असे नाही. ती वेगळ्या गोष्टींची होती. परवाना चालू आहे का, वैद्यकीय पात्रता आहे का, गेल्या २४ महिन्यांत प्रशिक्षकासोबत उजळणीचे उड्डाण झाले आहे का, गेल्या ९० दिवसांत ३ वेळा विमान उडवून उतरवले आहे का, प्रवाशांचा विमा आहे का, हे सगळे पाहिले जाई आणि आजही पाहिले जाते. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल शिक्षा झाली, तर वैमानिकाला ती ६० दिवसांत विमान वाहतूक प्रशासनाला कळवावी लागते. पण या कागदांवरून माणूस विमान कसे चालवतो तेवढेच कळते. मुलांशी तो कसा वागतो, याबद्दल त्यात एक अक्षरही नसते. ती उणीव नव्या नियमाने भरून काढली.

अमेरिकेत हा विचार आधीपासून रुजत होता. मुलांची काळजी घेणाऱ्यांची गुन्हे-नोंद तपासता यावी म्हणून १९९३ मध्ये केंद्रीय कायदा झाला. लैंगिक गुन्हेगारांची माहिती लोकांना मिळावी यासाठी १९९६ मध्ये ‘मेगन्स लॉ’ आला. पुढे बॉय स्काउट्स या मुलांच्या संघटनेवर २०२० मध्ये दिवाळखोरीत जाण्याची वेळ आली, त्यानंतर ८२ हजारांहून अधिक जणांनी लहानपणी झालेल्या अत्याचारांचे दावे दाखल केले. ओळखीवर आणि चांगल्या नावावर विसंबून राहिल्याची किंमत मुले कशी मोजतात, हे या आकड्यात दिसते.

‘यंग ईगल्स’मध्ये वैमानिकाने आपले नाव, जन्मतारीख आणि सोशल सिक्युरिटी हा सरकारी क्रमांक द्यायचा; तपासणीचे काम बाहेरची संस्था करते. क्रमांकावरून तो आजवर कुठे कुठे राहिला ते शोधता येते, आणि मग गुन्हेगारी नोंदी व लैंगिक गुन्हेगारांच्या याद्या पाहिल्या जातात. काम सोपे नाही. अमेरिकेत ३ हजारांहून अधिक काउंटी, म्हणजे जिल्ह्यांसारखे विभाग, आहेत, न्यायालयांची दप्तरे बरीचशी तिथेच असतात, आणि सगळ्या नोंदी एका ठिकाणी देणारी परिपूर्ण यादी कुणाकडेच नाही. शिवाय नावे सारखी असतात. एकाच्या नावावर दुसऱ्याचा गुन्हा चिकटू शकतो. म्हणूनच असा अहवाल पाहण्याचा आणि चुकीच्या नोंदीला हरकत घेण्याचा हक्क १९७० च्या कायद्याने दिला आहे.

‘सिव्हिल एअर पेट्रोल’ ही अमेरिकी हवाई दलाला साहाय्य करणारी संस्था तर प्रौढ सदस्यांच्या बोटांचे ठसे एफबीआयकडे पाठवते. ठशांमुळे नावांचा घोळ टळतो. ब्रिटनमध्ये सोहॅम गावातल्या दोन मुलींच्या २००२ मधल्या हत्येनंतर तपासणी कडक झाली; इंग्लंड आणि वेल्समध्ये आता एकच सरकारी यंत्रणा हे काम करते आणि स्वयंसेवकांकडून शुल्क घेत नाही.

चाळीस-चाळीस वर्षे उडणाऱ्या, शेकडो मुलांना फिरवून आणलेल्या वैमानिकांपैकी काहींना ‘यंग ईगल्स’चा हा नियम मनाला लागला. आपल्यावर संशय घेतला जातोय असे त्यांना वाटले, आणि खासगी क्रमांक देण्याची धास्तीही होती. ही दुखावलेली भावना समजण्यासारखी आहे. तरीही नियम सर्वांना सारखा असणेच योग्य. सवलत द्यायची ठरली तर ती ओळखीच्या, मनमिळाऊ माणसाला आधी मिळते. आणि मुलांना फसवणारा माणूस बहुतेकदा ओळखीचा आणि मनमिळाऊच असतो.

तपासणीची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. जो कधी पकडलाच गेला नाही, त्याची नोंद कुठे सापडणार? म्हणून प्रशिक्षणाचे महत्त्व तपासणीपेक्षा कमी नाही. मुलाशी एकट्याने आडोशाला बोलू नये, जवळ दुसरा मोठा माणूस असावा, हा जगभरच्या बालसुरक्षेचा साधा नियम. दोन आसनांच्या विमानात मात्र तो पाळताच येत नाही: एका आसनावर वैमानिक, दुसऱ्यावर मूल. त्यामुळे जमिनीवरचा प्रत्येक क्षण उघड्यावर ठेवावा लागतो. टेबलाशी पालक संमतिपत्रावर सही करतात. वैमानिक मुलाला घेऊन विमानाभोवती फिरतो, पंख्याला हात का लावायचा नाही ते सांगतो, टाकीतले थोडे इंधन काढून त्यात पाणी नाही ना ते दाखवतो. बुटक्या मुलाला बाहेरचे दिसावे म्हणून खाली उशी दिली जाते, पट्टा आवळला जातो, कानांवर मोठे हेडसेट चढते. हे सगळे आईवडिलांच्या डोळ्यांदेखत. पंधरा-वीस मिनिटांनी विमान परत येते, आणि पहिल्या उड्डाणाची नोंद असलेली छोटी वही मुलाच्या हाती पडते.

तपासणीची मुदत संपली, तर कितीही अनुभवी वैमानिक असो, नवी तपासणी पूर्ण होईपर्यंत या उपक्रमात त्याला मुलांना घेऊन उडता येत नाही.