मालमोटारींची नावे आणि इंजिनांच्या पिढ्या

ग्रामपंचायतीचा पाण्याचा टँकर, नगरपरिषदेची कचरागाडी, अग्निशमन दलाचा बंब किंवा बांधकाम विभागाचा टिपर, या सर्वांचा पाया मालमोटारीची चेसिस हाच असतो. अशा वाहनाच्या खरेदीचा प्रस्ताव सभेपुढे येतो तेव्हा त्यात काही आकडे, काही अक्षरे आणि एखादे आकर्षक व्यापारी नाव असते. यांपैकी कोणता मजकूर यंत्राविषयी माहिती देतो आणि कोणता केवळ विक्रीसाठी असतो, हे समजल्यास सार्वजनिक पैशाचा विनियोग अधिक डोळसपणे करता येतो.

आकड्यांची भाषा

टाटा आणि जर्मनीतील डेमलर-बेंझ यांच्या सहकार्याने १९५४ मध्ये जमशेदपूर येथे मालमोटारींचे उत्पादन सुरू झाले. हा सहकार्य करार १९६९ मध्ये संपला. मात्र आकड्यांनी गाडी ओळखण्याची पद्धत रूढ झाली आणि पुढे इतर उत्पादकांनीही ती कमीअधिक प्रमाणात स्वीकारली. या पद्धतीत पहिले दोन अंक वाहनाचे एकूण वजन टनांत दर्शवितात आणि शेवटच्या दोन अंकांना दहाने गुणले असता इंजिनाची अश्वशक्ती अंदाजे मिळते. ‘१६१३’ म्हणजे सुमारे १६ टन एकूण वजनाची आणि सुमारे १३० अश्वशक्तीची गाडी. आकड्यामागील अक्षरांनाही अर्थ असतो. ‘एलपीके’ ही टिपरची, ‘एलपीएस’ ही ट्रेलर ओढणाऱ्या गाडीची, तर ‘एलपीओ’ ही बसच्या चेसिसची खूण होय.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. पहिले दोन अंक मालाचे वजन सांगत नाहीत, तर गाडी, तिच्यावरील सांगाडा आणि माल यांचे मिळून वजन सांगतात. सोळा टनांच्या गाडीत चेसिसचे वजन ५ टन आणि पोलादी टाकीचे २ टन धरले, तर पाण्यासाठी ९ टनच शिल्लक राहतात. एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम असल्याने अशा गाडीवर १०,००० लिटरची टाकी बसविणे म्हणजे टाकी भरताक्षणीच मर्यादेचा भंग करणे होय. ब्रेक, टायर व पाटे यांवर त्याचा ताण पडतो आणि गावातील अरुंद पुलांवर तो धोका अधिकच वाढतो.

आकडा बदलला म्हणजे इंजिन बदलले, असेही नाही. केंद्र शासनाने जुलै २०१८ मध्ये आसांवरील भाराची मर्यादा वाढविली. त्यामुळे तीन आसांच्या गाडीचे अनुज्ञेय एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टन झाले आणि ‘२५’ने सुरू होणाऱ्या नावांच्या जागी ‘२८’ने सुरू होणारी नावे बाजारात आली. नावातील हा फरक मुख्यतः कायद्यामुळे घडला.

इंजिनाचा स्वतःचा आकडा

गाडीच्या नावाखेरीज इंजिनालाही स्वतंत्र नाव असते आणि ते बहुधा अधिक प्रामाणिक असते. टाटाच्या ‘६९७’ या प्रसिद्ध इंजिनात ६ सिलिंडर असून प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर आहे. पिस्टनची धाव १२८ मिलिमीटर असल्याने इंजिनाची क्षमता ५,६७५ घन सेंटीमीटर होते. त्यापूर्वीच्या ‘६९२’ मध्ये हा व्यास ९२ मिलिमीटर होता, तर ‘४९७’ हे त्याच व्यासाचे चार सिलिंडरचे भावंड होय. अशोक लेलँडच्या जुन्या इंजिनांचे ‘३७०’ व ‘४००’ हे आकडे मात्र क्षमता घन इंचांत सांगत. ४०० घन इंच म्हणजे सुमारे ६.५ लिटर.

पुण्यात १९६२ पासून भारतात पाय रोवलेल्या कमिन्सची पद्धत आणखी निराळी आहे. ‘६बीटी’ म्हणजे ‘बी’ मालिकेतील ६ सिलिंडरचे, टर्बोचार्जर बसविलेले ५.९ लिटरचे इंजिन. मागे ‘एए’ ही अक्षरे आली, तर टर्बोतून निघालेली तप्त हवा बाहेरच्या हवेने थंड करण्याची सोय आहे असे समजावे. भारतीय गाड्यांवरील ‘टीसीआयसी’ या अक्षरांचाही हाच आशय आहे.

चार पिढ्या

पहिल्या पिढीतील इंजिने आपल्याच शोषणाने हवा ओढून घेत. रचना साधी, दुरुस्ती गावच्या गॅरेजात होणारी. परंतु धूर अधिक आणि आकारमानाच्या मानाने शक्ती कमी. दुसऱ्या पिढीत टर्बोचार्जर आला. बाहेर पडणाऱ्या धुराच्या वेगावर एक चक्र फिरवून अधिक हवा सिलिंडरमध्ये कोंबली जाऊ लागली. पुढे इंटरकूलरची जोड मिळाली. थंड हवा अधिक घन असल्याने त्याच आकाराच्या इंजिनात अधिक डिझेल पूर्णपणे जळू लागले.

तिसऱ्या पिढीत डिझेल फवारण्याचे काम यांत्रिक पंपाऐवजी संगणकीय नियंत्रणाकडे गेले. ‘कॉमन रेल’ पद्धतीत एका सामाईक नळीत अतिउच्च दाबाखाली डिझेल साठविले जाते आणि ते केव्हा व किती फवारायचे हे नियंत्रक ठरवितो. चौथ्या पिढीत इंजिनाबरोबरच धूर शुद्ध करणारी यंत्रणाही आवश्यक झाली. काजळी अडविणारी गाळणी आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे विघटन करणारा उत्प्रेरक हे तिचे प्रमुख भाग होत.

हे बदल घडविण्यात ‘भारत स्टेज’ मानकांचा मोठा वाटा आहे. देशभर चौथा टप्पा १ एप्रिल २०१७ पासून आणि, पाचवा टप्पा वगळून, सहावा टप्पा १ एप्रिल २०२० पासून लागू झाला. अवजड इंजिनांसाठी नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा चौथ्या टप्प्यात दर किलोवॅट-तासाला ३.५ ग्रॅम होती. सहाव्या टप्प्यात ती स्थिर चाचणीत ०.४ ग्रॅमवर आली. डिझेलमधील गंधकाचे प्रमाणही दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांपर्यंत उतरले.

व्यापारी नावांचा अर्थ

‘आयईजीआर’ हे अशोक लेलँडचे चौथ्या टप्प्यातील नाव धुराचा काही भाग पुन्हा सिलिंडरमध्ये नेण्याच्या पद्धतीचे होते. महिंद्राचे ‘फ्युएलस्मार्ट’ हे भारानुसार इंजिनाची कार्यपद्धती बदलण्याच्या सोयीचे नाव आहे. टाटाची ‘प्रिमा’ किंवा ‘सिग्ना’ ही नावे मात्र गाडीच्या श्रेणीची आहेत. त्यांवरून आत कोणते इंजिन आहे हे कळत नाही. तेव्हा नाव कोणतेही असो, इंजिनाची क्षमता, शक्ती, पिळबल आणि मानकाचा टप्पा या चार गोष्टी विचाराव्यात. समान अश्वशक्तीच्या दोन इंजिनांत ज्याचे पिळबल कमी फेऱ्यांवर अधिक, ते घाटात भरल्या गाडीला अधिक उपयोगी पडते. शक्ती किलोवॅटमध्ये दिली असल्यास १३२ किलोवॅट म्हणजे सुमारे १८० अश्वशक्ती, हे प्रमाण ध्यानात ठेवावे.

वापरातील दक्षता

उत्प्रेरक बसविलेल्या गाडीला डिझेलबरोबर ‘डीईएफ’ हा द्रव लागतो. यात ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया आणि उरलेले शुद्ध पाणी असते. चालक त्याला नुसते ‘युरिया’ म्हणतात. परंतु शेतीचा युरिया पाण्यात कालवून टाकल्यास त्यातील अशुद्ध घटकांमुळे महागडा उत्प्रेरक निकामी होऊ शकतो. द्रव संपल्यास नियंत्रक इंजिनाची शक्ती घटवितो. टँकर मागविलेल्या वाडीच्या दृष्टीने ही किरकोळ बाब नव्हे. काजळीची गाळणी स्वच्छ होण्यासाठी धूर पुरेसा तप्त व्हावा लागतो. दिवसभर थांबत थांबत जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या कचरागाडीत तसे होत नाही. म्हणून चालकाला दर्शकफलकावरील सूचना वाचण्याचे आणि गाळणी स्वच्छ करण्याच्या पद्धतीचे शिक्षण देणे इष्ट ठरते. द्रवाचा व देखभालीचा खर्चही अंदाजपत्रकात आरंभीच धरावा.

जुन्या गाडीवर विसंबून राहण्यालाही आता मर्यादा आहे. केंद्र शासनाच्या नियमानुसार १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या शासकीय वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही आणि स्थानिक स्वराज्य संस्थांची वाहनेही या नियमाच्या कक्षेत येतात. त्यामुळे अनेक संस्थांना पहिल्या वा दुसऱ्या पिढीच्या गाडीवरून एकदम चौथ्या पिढीच्या गाडीकडे वळावे लागते. अशा वेळी दारावरील नावापेक्षा चेसिसवरील पट्टी आणि नोंदणी प्रमाणपत्र वाचण्याची सवय सदस्यांनी व कर्मचाऱ्यांनी लावून घेतली, तर गावाच्या गरजेला साजेशी गाडी निवडली जाईल आणि ती दीर्घकाळ सेवेत राहील.