बांधातला खेकडा आणि सड्यावरचा खेकडा

भाताची कोवळी रोपे बुडाशी कातरलेली दिसली किंवा खाचरातले पाणी रात्रीत उतरले, की आपला पहिला संशय खेकड्यावर जातो. बहुतेक वेळा तो खरा असतो. मात्र जुलै २०१९ मध्ये चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले, तेव्हा तत्कालीन मंत्र्यांनी त्याचाही ठपका खेकड्यांवर ठेवला होता. मातीचा बांध आणि धरण यांतला फरक आपणास वेगळा सांगायला नको.

खेकडा, मुठा, चिंबोरी अशी नावे गावोगाव बदलतात. पण सह्याद्रीत गोड्या पाण्यातील खेकड्यांच्या कितीतरी निरनिराळ्या जाती आहेत. बांधात बिळे करणारा मोठा काळपट मुठा सर्वत्र आढळतो. याउलट काही लहान, जांभळ्या-नारिंगी रंगाचे खेकडे जांभ्याच्या सड्यावरील कपारीत किंवा झाडाच्या ढोलीत साठलेल्या पाण्यावर जगतात. अशा खेकड्यांच्या एका गटाला २०१४ मध्ये आपल्या घाटावरूनच ‘घाटियाना’ हे नाव मिळाले. २०१६ मध्ये महाराष्ट्राच्या सह्याद्रीतून एकाच वेळी ५ नव्या जातींची नोंद झाली. त्यांपैकी एकीचाही भाताला उपद्रव नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. समुद्री खेकड्याची सूक्ष्म पिल्ले पाण्याबरोबर दूरवर वाहत जातात. गोड्या पाण्यातील खेकड्याचे तसे नाही. मादी थोडी पण मोठी अंडी घालते, ती पोटाखालच्या रुंद झडपेत सांभाळते आणि त्यांतून थेट इवलासा खेकडाच बाहेर पडतो. पिल्ले काही दिवस आईच्या पोटालाच बिलगून राहतात. त्यामुळे एका डोंगरावरची जात सहसा दुसऱ्या डोंगरावर पोचत नाही. एखादा सडा जांभ्याच्या खाणीत गेला किंवा ओढ्याच्या उगमाशी विष पडले, तर तेथील जात कायमची जाऊ शकते. बाहेरून भरपाई होत नाही.

म्हणून उपाय करताना शेत आणि ओढा वेगळे धरावेत. लावणीपूर्वी बांधातील जुनी बिळे खणून माती धुमसून बंद करावीत व बांध आतून चिखलाने लिंपावा. रात्री बत्ती घेऊन मुठे पकडणे हा जुना उपाय आजही चांगला. कालवणाचीही सोय होते! विषारी आमिष वापरण्याची वेळ आलीच, तर ते फक्त शेतातील वाहत्या बिळात टाकून बीळ लगेच बुजवावे. ओढ्याकाठच्या बिळात दाणेदार कीटकनाशक मुळीच टाकू नये. ते पहिल्याच पावसात खाली उतरते, मासे मारते आणि खालच्या वाडीच्या पिण्याच्या पाण्यात जाते.

ओढ्यावर खेकडे धरताना प्रत्येक खेकडा उलटा करून पाहावा. झडप अरुंद व त्रिकोणी असेल तर नर, रुंद व गोलसर असेल तर मादी. झडपेखाली अंडी किंवा पिल्ले दिसली, तर ती मादी पकडल्या जागीच दगडाखाली सोडून द्यावी.