घाणेरीची टोपली

टेकडीवर चढताना टणटणीचं फूल उपटायचं, त्याचं बूड चोखून थेंबभर मध मिळवायचा आणि हाताला काटा लागला की तिलाच शिव्या द्यायच्या, एवढीच आपल्यापैकी बहुतेकांची तिच्याशी ओळख. पान चुरगळल्यावर येणाऱ्या वासामुळे तिला घाणेरी म्हणतात. विदर्भात तीच रायमुनिया. तिची वाळलेली काडी वाकवायला जावं तर कडकन मोडते. या झुडपाच्या टोपल्या विणतात, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला थट्टाच वाटली होती.

पण विणतात. टोपल्याच कशाला, खुर्च्या आणि सोफेसुद्धा करतात. कर्नाटकात चामराजनगर जिल्ह्यात, तमिळनाडूच्या सीमेला लागून, मले महादेश्वराचे डोंगर आहेत. तिथल्या सोलिग आदिवासींनी आणि कोरव कारागिरांनी बंगळुरूच्या ‘एट्री’ या पर्यावरण-संशोधन संस्थेच्या साथीनं हे काम हाती घेतलं. कोरव म्हणजे आपल्या बुरुडांसारखे, बांबूवर पोट असलेले लोक. जंगलातून बांबू तोडायला बंदी आली आणि हात रिकामे झाले. समोर मात्र घाणेरीचं रान माजलेलं. ती कितीही तोडा, वनखात्याची ना नसते.

ती माजली कशी? मूळची ही अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली. 1809च्या सुमारास इंग्रजांनी तिला कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आणलं. शोभा आहेच म्हणा! एकाच गुच्छात मधोमध पिवळी आणि कडेला गुलाबी किंवा केशरी फुलं दिसतात, ती वेगवेगळ्या जातींची नसतात. फूल उमलतं पिवळं आणि परागण झालं की रंग पालटतं. दिल्ली विद्यापीठातल्या गीता माथुर आणि एच. वाय. मोहन राम यांनी 1970च्या दशकात यावर काम केलं. परागण करणारे इवलेसे फुलकिडे पिवळ्या फुलांकडे ओढले जातात. रंग पालटलेलं फूल म्हणजे ‘इथली पंगत उठली, पुढच्या पानावर बसा’ अशी पाटीच. पुढे काळी फळं धरतात, ती बुलबुल आणि साळुंक्या खातात आणि बिया रानभर टाकतात. गुरं मात्र तिला तोंड लावत नाहीत. लावलं तर त्यांचं यकृत बिघडतं, कावीळ होते. मग तिला अडवणार कोण? भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी 2020 साली मांडलेल्या हिशेबात देशातलं दीड लाख चौरस किलोमीटरांहून अधिक जंगल तिच्या पसाऱ्यात येतं. म्हणजे जवळजवळ निम्मा महाराष्ट्र.

सोलिगांचं म्हणणं वेगळं आणि ऐकण्यासारखं आहे. पूर्वी ते उन्हाळा तापायच्या आत रानातला पाचोळा हलक्या आगीनं जाळत. तिला ते ‘तरगु बेंकी’, पाचोळ्याची आग, म्हणतात. जंगलं अभयारण्यं झाली, आगीला बंदी आली आणि त्यानंतर घाणेरीनं डोकं वर काढलं, असं ते सांगतात. आग लावणारा तो जंगलाचा वैरी, असं आपण शाळेपासून घोकत आलो. इथं मला तो धडा पुन्हा तपासावासा वाटतो.

आता मोडणाऱ्या काडीची गोष्ट. फोक तोडून आणतात, जाडीप्रमाणे वेगळे करतात आणि मोठ्या पिंपात पाण्यात काही तास उकळतात. गरम असतानाच साल सोलतात. मघाशी ताठ असलेली काडी आता वेतासारखी हवी तशी वळते. लाकडाच्या तंतूंना एकमेकांशी धरून ठेवणारा चिकट पदार्थ म्हणजे लिग्निन. पाणी आणि उष्णता एकत्र मिळाली की ते मऊ पडतं, तंतू एकमेकांवरून थोडे सरकतात. निवलं की पुन्हा घट्ट होतं आणि काडी त्याच वळणात पक्की बसते. आपल्याकडे काठी विस्तवावर शेकून सरळ करतात, तिथंही हेच घडतं; फक्त पाणी त्या काठीच्या अंगातलंच असतं. जाड फोकांचे सांगाडे होतात, बारीक आणि चिरलेल्या फोकांनी वीण भरतात.

मला खरं नवल वाटतं ते याच्या पुढचं. जंगलाच्या दृष्टीनं घाणेरीचे जे दुर्गुण, तेच कारागिराच्या दृष्टीनं गुण आहेत. ती शेजारच्या झाडांवर वेलीसारखी रेलत वर चढते, म्हणून लांब, न संपणारे फोक मिळतात. तोडली की बुडातून पुन्हा भराभर फुटते, आणि विणायला तर कोवळे, सरळ फुटवेच लागतात. आपले शेतकरी निरगुडीच्या फोकांच्या पाट्या आणि कणग्या विणत आले, ते याच गुणावर. निरगुडीही पूर्वी घाणेरीच्याच कुळात धरली जात असे.

निलगिरीत गुडलूरच्या आसपासच्या आदिवासी कारागिरांनी तर घाणेरीचे पूर्ण उंचीचे हत्ती घडवले, एकेक खऱ्या, रानातल्या हत्तीवरून बेतलेला. हा कळप 2021 साली लंडनच्या बागांमध्ये उभा राहिला, 2024 मध्ये अमेरिकेला गेला. ज्या झुडपानं हत्तींचा चारा दडपला, त्याचेच हत्ती!

म्हणून टोपल्या विणून जंगल मोकळं होईल का? नाही. निम्म्या महाराष्ट्राएवढ्या रानापुढे कितीही टोपल्या अपुऱ्या पडतील, आणि नुसते फोक छाटले तर घाणेरी दुप्पट जोमानं फुटते. तिला संपवायची रीत दिल्ली विद्यापीठाचे सी. आर. बाबू यांनी घालून दिली आहे: जमिनीखाली चार बोटांच्या आत, फुटवे येतात त्या भागाच्या खाली, मुख्य मूळ कुदळीनं तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं. तेव्हा फोक काढायला रानात जाल, तर सोबत कुदळही न्या.