पहिली सुई कोणाच्या दंडात?
(द्वितीय वर्ष, कला)

‘प्रयोग’ हा शब्द उच्चारला की आपल्या शाखेतील विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे नाटकाचा प्रयोग उभा राहतो. विज्ञान शाखेच्या मित्राला विचारावे, तर त्याला परीक्षानळी आठवते. या दोहोंहून निराळा असा एक प्रयोग जगात रोज कोठे ना कोठे चाललेला असतो. त्यात प्रयोगाचे साधन म्हणजे एक जिवंत, धडधाकट माणूस असतो. त्याला कोणताही रोग झालेला नसतो. तरीही तो दंड पुढे करतो आणि माणसाच्या शरीरात पूर्वी कधीही न गेलेले द्रव्य टोचून घेतो. आपण दुकानातून औषधाची पट्टी आणतो, लहान भावंडाला लस टोचून आणतो, तेव्हा या माणसाची आठवण आपल्याला होत नाही. प्रस्तुत लेख त्याच्याविषयी आहे.

रोग्याला सोडून निरोग्यावर औषध कशासाठी तपासायचे, हा प्रश्न कोणालाही पडेल. रोग्याचे शरीर आधीच बिघडलेले असते. ताप, मळमळ, डोकेदुखी ही रोगाची की नव्या औषधाची, हे त्याच्या बाबतीत सांगणे कठीण. म्हणून उंदीर, ससे, माकडे यांच्यावर परीक्षा झाल्यावर पहिल्या टप्प्यात साधारण वीस ते शंभर निरोगी माणसांना औषध दिले जाते. (कर्करोगावरील जहाल औषधे मात्र याला अपवाद. ती बहुधा थेट रोग्यांनाच देतात.) प्रारंभी मात्रा अगदी अल्प, मग पायरीपायरीने वाढवत न्यायची. स्वयंसेवकाने दिलेल्या खाटेवर राहायचे, दिलेलेच अन्न खायचे, चहा-तंबाखू वर्ज्य करायची आणि ठरल्या वेळी रक्त काढू द्यायचे. औषध रक्तात किती वेळाने चढते, केव्हा उतरते, नाडी व रक्तदाब कसे राहतात, याची नोंद होते. बरे करणे हा या टप्प्याचा हेतूच नसतो, कारण बरे व्हायला कोणी आजारी नसतो.

रोगी नवे औषध घेतो तेव्हा त्याच्या मनात गुण येण्याची आशा असते. निरोगी माणसाला त्या औषधाकडून मिळण्यासारखे काही नाही. झाले तर नुकसानच. तेव्हा या सगळ्या खटाटोपाला योग्य ठरवणारी एकच गोष्ट शिल्लक राहते, ती म्हणजे त्या माणसाचा स्वखुशीचा होकार. तो होकार खरा नसेल, तर शास्त्र कितीही शुद्ध असो, ती एका माणसाने दुसऱ्या माणसाच्या देहाशी केलेली बळजबरी होते. या प्रयोगांचा इतिहास चाळला तर हा होकार बराच काळ तुरुंगात जाऊन मिळवलेला दिसतो.

१७२१ साली लंडनच्या न्यूगेट तुरुंगातील सहा कैद्यांना, तीन पुरुष व तीन स्त्रियांना, देवीच्या फोडातील द्रव्य टोचण्यात आले. टोचून घ्या आणि वाचलात तर सुटका, असा सौदा होता. सहाही जण वाचले आणि सुटले. त्यांतील एकीला तर खात्री पटावी म्हणून देवीच्या रोग्यांची शुश्रूषा करायला धाडले. तिला लागण झाली नाही. फाशीचा दोर आणि सुई यांतून सुई निवडणाऱ्याला स्वयंसेवक म्हणावे का? १७९६ साली एडवर्ड जेन्नरने गोस्तन देवीची प्रसिद्ध परीक्षा केली ती आपल्या माळ्याच्या आठ वर्षांच्या मुलावर. त्या मुलाला कोणी काय विचारले असेल ते असो.

आपल्या मुंबईतील उदाहरण मला यापेक्षा अधिक विचार करण्याजोगे वाटते. १८९६ च्या पावसाळ्याअखेर मांडवी भागात प्लेग उद्भवला. वाल्देमार हाफकिन हे मूळचे ओदेसाचे, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेले शास्त्रज्ञ तेव्हा हिंदुस्थानातच होते. पटकीची लस त्यांनी तयार केली होती, आणि १८९२ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. प्लेगच्या कामासाठी त्यांना ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली व एक पडवी मिळाली. तेथे काही महिन्यांत त्यांनी लस सिद्ध केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःच्या शरीरात घेतली. तीही थोडीथोडकी नव्हे, पुढे लोकांना जेवढी देत त्याच्या तिपटी-चौपटीने. ताप आला, टोचल्या जागी ठणका लागला, पण ते त्यातून उठले.

एक शास्त्रज्ञ जगला यावरून हजारो माणसे जगतील असे सिद्ध होत नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला आणि हाफकिन यांना खरी परीक्षा घेण्याची संधी मिळाली. कैद्यांपैकी जे तयार झाले अशा सुमारे दीडशे जणांना लस टोचली. जवळजवळ तितकेच न टोचता राहिले. दोघांचे छप्पर एक, भाकरी एक, कोठडीतले उंदीरही तेच. म्हणजे फरक पडला तर तो लसीचाच, हे उघड. पुढील दिवसांत न टोचलेल्यांपैकी बाराजणांना प्लेग झाला व सहा दगावले. टोचलेल्यांत दोघांना झाला, मृत्यू एकही नाही. आजच्या लसचाचण्यांचे मूळ तत्त्व, म्हणजे दोन सारखे गट घ्यावे, एकाला लस द्यावी आणि वाट पाहावी, ते या आकड्यांत स्वच्छ दिसते.

कैद्याचा होकार कितपत मोकळा होता? तुरुंगाधिकारी आणि गोरे डॉक्टर समोर उभे असताना ‘नको’ म्हणायला छाती लागते, हे खरे. पण निम्म्याजवळ कैदी ‘नको’ म्हणू शकले, हेही खरे. शिवाय शेजारची माणसे प्लेगने पडत असताना लस घेण्यात त्यांचा स्वतःचाही फायदा होता. आणि विचारणाऱ्याने ती सुई आधी स्वतःला टोचली होती. एवढ्या तीन गोष्टी ज्या चाचणीत एकत्र आल्या, अशी दुसरी मला आढळली नाही. पुढे १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. त्या लौकिकात भायखळ्याच्या त्या अनाम कैद्यांचाही वाटा आहे.

होकार कागदावर आला तो १९०० साली क्यूबात. पीतज्वर डासांमुळे पसरतो का, हे पाहण्यासाठी अमेरिकन लष्करी डॉक्टर वॉल्टर रीड यांनी स्वयंसेवकांना डास चावू दिले. नुकतेच स्पेनमधून आलेले मजूर त्यांत होते. त्यांच्याशी स्पॅनिश भाषेत करार केला. भाग घेतल्याबद्दल शंभर डॉलर सोन्यात, ज्वर झालाच तर आणखी शंभर. जिवाला धोका आहे हेही त्यात लिहिले होते, मात्र या बेटावर राहिलात तर हा ज्वर तुम्हाला आज ना उद्या होणारच, अशी मखलाशीही होती. म्हणजे पहिल्या कागदातच माहिती आणि मनधरणी यांची मिसळ झालेली आहे.

नाझी डॉक्टरांनी छळछावण्यांत जे केले त्यावरील खटल्यानंतर १९४७ मध्ये न्यूरेंबर्गची संहिता आली. तिचे पहिलेच कलम स्वेच्छेने दिलेल्या संमतीचे आहे. तरीही अमेरिकेतील तुरुंगांत कैद्यांवर औषधांच्या चाचण्या १९७० च्या दशकापर्यंत चालूच होत्या. ओरड झाल्यावर त्या बहुतांशी बंद पडल्या, आणि कंपन्यांना स्वयंसेवक तुरुंगाबाहेर शोधावे लागले. बाहेर ज्यांच्याकडे वेळ आहे व पैशाची निकड आहे, असे कोण? विद्यार्थी आणि बेकार.

१३ मार्च २००६ रोजी लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारातील चाचणी केंद्रात असेच आठ तरुण जमले होते. मोबदला सुमारे दोन हजार पौंड. ‘टीजीएन १४१२’ नावाचे द्रव्य रक्ताचा कर्करोग व संधिवात यांसाठी उपयोगी पडेल, अशी अपेक्षा होती. माकडांनी ते निर्धोकपणे सोसले होते, आणि माणसांना त्याच्या पाचशेवा भाग द्यायचा होता. सहा जणांना औषध, दोघांना औषध नसलेले साधे द्रव, ज्याला प्लासिबो म्हणतात ते. साधारण दहा-दहा मिनिटांच्या अंतराने एकेकाला टोचत गेले. सगळ्यांचे टोचून झाल्यावर तासा-दीड तासात पहिल्याला हुडहुडी भरली, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. शरीराचे संरक्षण करणाऱ्या पेशी एकदम खवळून शरीरावरच तुटून पडल्या. सहाही जण अतिदक्षता विभागात गेले. जीव सर्वांचे वाचले, पण एकाच्या पायांची बोटे आणि हातांच्या काही बोटांची टोके गेली. पुढे कळले ते असे की, ज्या पेशींवर हे औषध काम करते, त्यांतील काहींवर माकडात ती खूणच नसते, माणसात असते. माकडाचा निर्वाळा त्यामुळे कुचकामी होता. तेव्हापासून अशा औषधाची पहिली मात्रा एकाच माणसाला देऊन पुरेसा वेळ थांबावे, असा दंडक पडला. दहाऐवजी काही तास थांबले असते तर उरलेले पाच जण वाचले असते, हे समजायला शास्त्र शिकलेले असण्याची गरज नाही.

असे प्रसंग क्वचित घडतात, हे सांगितले पाहिजे; पहिल्या टप्प्यातील बहुसंख्य स्वयंसेवक डोकेदुखीपलीकडे काही न होता घरी जातात. पण जानेवारी २०१६ मध्ये फ्रान्समधील रेन या शहरात जे घडले ते मला लंडनपेक्षाही अधिक बोचते. तेथे रोज औषध घेणाऱ्या गटातील एकाला १० तारखेच्या संध्याकाळी रुग्णालयात हलवावे लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गटातील इतरांना ठरल्याप्रमाणे पुढची मात्रा देण्यात आली. काल संध्याकाळी काय झाले ते त्यांना सांगून, पुन्हा विचारून नव्हे. पहिला माणूस १७ तारखेला वारला. इतर काहींच्या मेंदूला इजा झाली. आधी केलेली सही होती, पण माहिती बदलली होती. सरकारी चौकशीतही हा आक्षेप नोंदवला गेला.

आपल्या देशात निरोगी स्वयंसेवक लागतात ते मुख्यतः वेगळ्या कामाला. मूळ कंपनीचे महाग औषध आणि आपल्याकडे बनवलेले स्वस्त औषध रक्तात सारखेच उतरते की नाही, हे दाखवल्यावाचून स्वस्त गोळीला परवानगी मिळत नाही. दोन-तीन डझन माणसांना आधी एक, मग काही दिवस मध्ये सोडून दुसरी गोळी द्यायची आणि दिवसभरात पंधरा-वीस वेळा रक्त काढायचे. आपल्या घरी परवडणारी औषधे येतात ती या दंडांतून. या कामाला बहुधा गरीब तरुण येतात. दोन चाचण्यांमध्ये सुमारे तीन महिन्यांचे अंतर अपेक्षित असते, पण घर चालवायचे असेल तर माणूस एका शहरातील चाचणी लपवून दुसऱ्या शहरात जातो. त्यात त्याच्या जिवाला धोका आणि निष्कर्षालाही. मोबदला फार देऊ नये, नाहीतर गरिबाला भुरळ पडते, असे तज्ज्ञ म्हणतात. मला हा न्याय पुरता पटत नाही. भुरळ पडू नये म्हणून गरिबालाच कमी द्यावे, हा उपाय कंपनीला सोयीचा आहे.

लसीसाठी माणसे हजारोंनी लागतात, कारण रोग कोणाला होणार हे आधी कळत नाही. २०२० मध्ये करोनाच्या काळात पुण्यामुंबईच्या रुग्णालयांत अनेकांनी लसचाचणीसाठी नावे दिली. कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्यात देशभरातून २५,८०० जणांनी भाग घेतला. त्याच चाचणीत भोपाळच्या वायुपीडित वस्त्यांतील काहींनी तक्रार केली की, ही चाचणी आहे हे आम्हाला सांगितलेच नाही, लस मिळेल आणि साडेसातशे रुपये मिळतील एवढेच कळले. संबंधित रुग्णालयाने आरोप नाकारला. खरेखोटे करणे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे, पण अशी गल्लत कशी होऊ शकते ते मला चांगले समजते.

माझ्या वडिलांना सही येते. तीन अक्षरांची, सावकाश काढलेली. सोसायटीच्या कर्जाचा कागद असो, बँकेचा असो, माझ्या प्रवेशाचा असो. ‘इथे करा’ म्हणून जेथे बोट ठेवले जाईल तेथे ती होते. सही हा आमच्या घरी वाचनाचा शेवट नव्हे, तो वाचनाऐवजी करायचा विधी आहे. आता अशा घरातील माणसापुढे संमतिपत्राचा मराठी मसुदा ठेवा. मी एक वाचला आहे. त्यात ‘यादृच्छिकीकरण’ असा शब्द होता. तो उच्चारतानाच माझी जीभ अडखळली. अर्थ एवढाच की, कोणाला औषध व कोणाला प्लासिबो हे चिठ्ठ्या टाकून ठरेल. चिठ्ठ्या टाकणे वडिलांना ठाऊक आहे. वाटणीत, भिशीत ते कितीदा टाकल्या आहेत. ‘गंभीर प्रतिकूल घटना’ म्हणजे जीव जाणे किंवा रुग्णालयात भरती व्हावे लागणे, हेही त्यांना सांगता येईल. भाषांतरकाराने इंग्रजी कागद मराठीत आणला, माणसापर्यंत आणला नाही.

२०१९ च्या नव्या नियमांनी कागदोपत्री पुष्कळ सोय केली आहे. संमतिपत्र स्वयंसेवकाला समजणाऱ्या भाषेत हवे, त्याची प्रत त्याला मिळाली पाहिजे. निरक्षर असेल तर चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार सर्व वेळ हजर हवा. कोणत्याही क्षणी, कारण न देता, चाचणी सोडता येते. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार विनामूल्य, मृत्यू वा अपंगत्व आले तर भरपाई. आणि हे सर्व आधी एका नैतिकता समितीने तपासून मंजूर करावे लागते.

या समितीची घटना वाचताना मला आश्चर्य वाटले. किमान सात सभासद, आणि ते सगळे डॉक्टर नसतात. एक कायदा जाणणारा, एक समाजशास्त्रज्ञ किंवा तत्त्वज्ञ किंवा स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी, निदान एक स्त्री आणि एक अगदी सामान्य माणूस. म्हणजे आपल्या शाखेतून बाहेर पडणाऱ्यांसाठी तेथे एक खुर्ची नियमानेच राखलेली आहे. समाजशास्त्राच्या आपल्या तासाला याचा उल्लेख व्हावा, असे प्राध्यापकांना सुचवावेसे वाटते. त्या खुर्चीवरील सभासदाला संमतिपत्राचा मसुदा आधी वाचायला मिळतो. ‘हे वाक्य मला कळले नाही’ असे त्याने म्हटले, तर समितीला तो कागद परत पाठवून दुरुस्त करून मागता येतो. आणि तो दुरुस्त होऊन मंजूर होईपर्यंत पहिली सुई कोणाच्याही दंडात टोचता येत नाही.