फिट येते म्हणून लग्न रद्द होते का? कायदा काय सांगतो, वाचा

धाराशिव : तुळजापूरच्या एसटीत कुणाला फिट आली, तर ‘चप्पल हुंगवा’ असे सांगणारा एकजण तरी निघतोच. चप्पल, कांदा, किल्ली, कशानेही झटका थांबत नाही. रुग्णाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ पाहा. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर १०८ ला फोन करा.

खरी अडचण घरात असते. अपस्मारात मेंदूतील विद्युत संकेतांचा अचानक गोंधळ उडतो. (आम्ही इंजिनिअर मंडळी याला पटकन शॉर्टसर्किट म्हणतो, पण यात वायर जळत नाही.) जागतिक आरोग्य संघटनेनुसार योग्य उपचारांनी ७० टक्क्यांपर्यंत रुग्णांचे झटके थांबू शकतात. तरीही मुलीला स्थळ पाहताना आजार लपवला जातो आणि सासरी कळू नये म्हणून गोळ्या बंद होतात. गोळ्या अशा अचानक तोडल्या तर लांबलेला झटका जिवावर बेतू शकतो.

या भीतीला कधीकाळी कायद्याचाही आधार होता. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वारंवार अपस्माराचे झटके येणे ही विवाहातील अडचण ठरली. डिसेंबर १९९९ मध्ये संसदेने तो शब्दच वगळला. म्हणजे केवळ फिट येते म्हणून लग्न रद्द होत नाही. मात्र आजार लपवल्यास फसवणुकीचा दावा होऊ शकतो. त्यामुळे बैठकीतच सांगितलेले बरे. पुण्यातील संवेदना फाउंडेशन तर अपस्मार असलेल्यांची लग्ने जुळवण्याचेही काम करते.

लग्न ठरल्यावर गोळ्या बंद करू नका. बाळाचा विचार असेल तर आधी डॉक्टरांना भेटा, काही औषधे बदलावी लागतात.