कळवण्यास आनंद होतो की खेद?

महिनाअखेर, त्यात शुक्रवार. तुम्ही बॅग आवरताय आणि बॉस डोकावून म्हणतो, ‘अरे, अकाउंट्समधले काका सोमवारी रिटायर होतायत. तुझं रायटिंग बरंय ना? सगळ्यांना एक छानसा मेल टाक.’ झालं! पहिल्याच ओळीला गाडी अडते. ‘कळवण्यास आनंद होतो’ म्हणावं, तर काका एकदाचे जाताहेत याचाच आनंद झाल्यासारखं वाटतं. ‘कळवण्यास खेद होतो’ म्हणावं, तर लोक घाबरून काकांच्या घरी फोन लावतील. मग सगळे करतात तेच तुम्हीही करता. मागच्या वर्षीचा मेल उघडायचा, नाव बदलायचं, सेंड!

तो मेल आपल्याला पाठच आहे. मनमिळाऊ, कष्टाळू, सदैव हसतमुख, त्यांच्या जाण्याने पोकळी निर्माण झाली आहे वगैरे. हीच वाक्यं पेपरातल्या काळ्या चौकटीत ठेवून बघा, एक शब्द बदलावा लागत नाही. वर शेवटी ‘उर्वरित आयुष्य सुखाचं जावो’. उर्वरित! धडधाकट माणसाच्या हातात त्याच्या शेवटच्या दिवशी हा कागद द्यायचा?

त्यापेक्षा लॅपटॉप बंद करा आणि काकांच्या टेबलाशी अर्धा तास बसा. कधी लागलात, तेव्हा काम कसं चालायचं, एवढंच विचारा. नव्वदच्या आसपास अकाउंट्समध्ये लागलेल्या माणसाने हाताने लिहिलेली लेजर पाहिलेली असते. मग कॉम्प्युटर आला. १ एप्रिल २००५ला महाराष्ट्रात सेल्स टॅक्स जाऊन व्हॅट आला, १ जुलै २०१७ला व्हॅट जाऊन जीएसटी. दर वेळी बिलं बदलली, फॉर्म बदलले, आणि तरीही तुमचा पगार वेळेवर झाला. ‘जीएसटीच्या पहिल्या महिन्यात सगळ्या टीमला नवी बिलं करायला काकांनी शिकवलं’ हे एक वाक्य दहा ‘कष्टाळूं’ना भारी पडतं. मात्र ते खरं असायला हवं. नसेल तर त्यांनी जे केलं ते लिहा. साधं असलं तरी चालेल.

आता थोडी कागदोपत्री काळजी. ‘नियत वयोमानानुसार’ हा शब्द भारदस्त वाटतो म्हणून ठोकून देऊ नका. त्याचा अर्थ वयाची अट पूर्ण झाली. राज्य सरकारात बहुतेकांसाठी ती ५८ आहे, केंद्रात ६०, प्रायव्हेटमध्ये कंपनीचा नियम असेल ती. व्हीआरएस घेतलेल्याला हा शब्द लागत नाही. बीएसएनएलच्या २०१९च्या योजनेत ७८ हजारांहून जास्त जणांनी व्हीआरएस घेतली आणि ३१ जानेवारी २०२०ला ते बाहेर पडले. त्यांचं वयोमान ‘नियत’ झालेलं नव्हतं. राजीनामा ही तिसरीच गोष्ट. नेमकं काय आहे, ते एचआरला विचारूनच लिहा.

आणि मेलमध्ये ‘वाढदिवसाच्याही शुभेच्छा’ घुसवण्याआधी जरा थांबा. पूर्वी मुलाला शाळेत घालताना जन्मतारीख माहीत नसली, की गुरुजी बिनधास्त १ जून लिहून टाकायचे. सरकारी नियमाप्रमाणे एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी रिटायर होतो. म्हणून दर ३१ मेला आपल्याकडच्या सरकारी ऑफिसांत शाल-श्रीफळांची नुसती रांग लागते. त्यातल्या कितीजणांचा खरा वाढदिवस दुसऱ्या दिवशी असतो, ते त्यांच्या आयांनाच माहीत!

पुढच्या आयुष्याबद्दलही अंदाज बांधू नका. ‘आता नातवंडांत रमा’, ‘मॅडमना आता घराकडे लक्ष देता येईल’... मॅडमनी इतकी वर्षं ऑफिस आणि घर दोन्हीकडे लक्ष दिलंय, त्यांना कदाचित आता दोन्हीकडे द्यायचं नसेल. एखाद्याला कर्ज फेडायचं असतं आणि तो दुसरी नोकरी शोधत असतो. त्याला ‘निवांत व्हा’ काय म्हणणार? विचारा, आणि ते सांगतील तेवढंच लिहा. मोबाइल नंबर द्यायचा तर तोही विचारून. त्यांचं काम आता कोण बघणार, ही ओळ हवीच, पण ती शेवटी, वेगळी. कौतुकाच्या मधोमध ‘व्हाउचर यापुढे अमुककडे द्यावेत’ आलं, की सगळी मजा जाते.

पाठवण्याआधी मसुदा त्यांना एकदा दाखवा. नावाचं स्पेलिंग सर्टिफिकेटवर वेगळं असतं, जॉइनिंगचं साल चुकतं, आणि हे ज्याचं त्यालाच चटकन दिसतं.

शिपाईकाका, ड्रायव्हर किंवा पॅन्ट्रीतल्या मावशी रिटायर होत असतील, तर आणखी एक गोष्ट बघा. मेल ‘ऑल स्टाफ’ला जातो आणि त्या ‘ऑल’मध्ये बऱ्याचदा तेच नसतात. त्यांना ऑफिसचा मेल आयडी कधी मिळालेलाच नसतो. अख्खं ऑफिस त्यांच्याविषयी वाचतं, फक्त ते सोडून. तेव्हा तो मेल मराठीत लिहा, मोठ्या अक्षरात दोन प्रिंट काढा. एक नोटीस बोर्डावर लावा, दुसरी त्यांना घरी न्यायला द्या. आणि हो, वर ‘मावशी’ नको, त्यांचं पूर्ण नाव लिहा. ते माहीत नसेल, तर सोमवारपर्यंत वेळ आहे.