पोटातली परभणी

२०११च्या जनगणनेत परभणी जिल्ह्याची लोकसंख्या भरली १८ लाख ३६ हजार. थांबा, ही झाली नुसती माणसं! त्यांतल्या एकाच्याच पोटात डोकावू या. २०१६ साली इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला: एका प्रौढ माणसात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू, आणि बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात.

प्रत्येकाला एकेक रुपया वाटायचा ठरवलं, तर २०२२-२३चा केंद्राचा ३९.४५ लाख कोटींचा अर्थसंकल्प एका माणसातच जवळजवळ संपला! सेकंदाला एक याप्रमाणे मोजायला बसलात, तर १२ लाख वर्षं उठायचं नाव नको. एकेक जिवाणू मिलिमीटरचा हजारावा भाग लांब धरून रांग लावा. ३८ हजार किलोमीटर! म्हणजे मुंबई-पुणे अडीचशे वेळा. देवगिरी एक्सप्रेस ताशी १००च्या वेगाने न थांबता धावली, तरी ही रांग सरायला सोळा दिवस. आणि एवढ्यांचं वजन? जेमतेम २०० ग्रॅम.

आता गोठ्यात चला. लाल कंधारी गाईच्या कोटीपोटात ५० लिटर द्रव धरू. त्याच्या एकेका मिलिलिटरमध्ये हजार कोटी जिवाणू. बेरीज ५०० लाख कोटी. तेरा माणसांना भारी! यांची रांग ५ लाख किलोमीटर, चंद्र तर ३ लाख ८४ हजारांवरच मागे पडला. कडबा पचतो तो यांच्याच जिवावर. म्हणूनच पचन बिघडलेल्या जनावराला पशुवैद्य निरोगी जनावराच्या कोटीपोटातला रस पाजतात. चार लिटर पाजले, की ४० लाख कोटी कामकरी हजर!

आता जिंतूरपासून गंगाखेडपर्यंत सगळा जिल्हा घ्या, प्रत्येकाला प्रौढ धरून. नुसत्या जिवाणूंनी वीस फूट रुंद, चाळीस फूट खोल विहीर काठोकाठ भरेल. रांग लावली तर ७,००० कोटी किलोमीटर! सूर्य अवघ्या १५ कोटींवर. साडेचारशे वेळा गाठूनही रांग उरेल.

मग वाटीभर दह्याची काय कथा? ग्रॅमला एक कोटी धरले, तर १०० ग्रॅममध्ये १०० कोटी जिवाणू. घरच्या ३८ हजारांमागे एक पाहुणा! तोही बहुधा मुक्काम न करता पुढे जाणारा. म्हणून दही-ताक रोजचं हवं, आणि घरच्यांसाठी कोंड्यासकट धान्य, डाळी, भाज्या. ज्वारीच्या मुलखात भाकरीला काय तोटा? पानावर बसताना लक्षात ठेवा, ३८ लाख कोटींची पंगत तुमच्या भरवशावर आहे.